इंजिनाचा क्रँक सेन्सर घरच्या घरी बदलावा काय?

गोदाकाठ
नमस्कार. माझ्याकडे २०१४ ची, पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी असून ती आतापर्यंत ८२,००० किलोमीटर चालली आहे. गेल्या महिन्यात मुंबईहून नाशिकला परतताना कसारा घाट चढून आम्ही इगतपुरीला चहासाठी थांबलो. पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवली, तेव्हा स्टार्टर नेहमीच्याच जोराने फिरत होता, परंतु इंजिन काही केल्या सुरू होईना. बॉनेट उघडून आम्ही नुसते उभे राहिलो आणि चाळीस मिनिटांनी, कोणीही कशालाही हात न लावता, पहिल्याच प्रयत्नात गाडी सुरू झाली. त्यानंतर पुन्हा दोनदा असेच झाले. त्यांपैकी एकदा तर द्वारका चौकात, ऐन गर्दीच्या वेळी, चालती गाडी बंद पडली.

एका गॅरेजने स्टार्टर फिरताना पंपाचा आवाज येत नाही असे सांगून पेट्रोलचा पंप बदलला. आठवड्याने गाडी पुन्हा बंद पडल्यावर दुसरीकडे स्कॅनर लावला, तर पी ०३३५ हा कोड आला. त्याचा अर्थ क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची स्थिती टिपणाऱ्या सेन्सरच्या, सर्किटमध्ये दोष, असे मला सांगण्यात आले. सेन्सर आणि मजुरी मिळून साडेचार हजारांचा अंदाज दिला आहे. माझ्या गाडीत हा सेन्सर पुढच्या उजव्या चाकाच्या आतल्या अंगाला, पट्ट्याच्या पुलीजवळ आहे आणि तो एकाच बोल्टने बसवलेला दिसतो. माझ्याकडे पान्यांचा संच, गोट्या (सॉकेट), रॅचेट, मल्टीमीटर आणि जॅक आहे. पाथर्डी फाट्याला आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मी हे काम स्वतः करावे काय? आणि त्याआधी सेन्सर खरोखरच गेला आहे, याची खात्री कशी करून घ्यावी?

चहाबाज
चाळीस मिनिटे थांबल्यावर आपोआप बरा होणारा आजार असल्यास, माझ्या मते गाडीला फक्त चहा हवा होता.

जुना_फिटर
गोदाकाठ, काम अवश्य करा. मात्र दुसरा प्रश्न आपण आधी विचारायला हवा होता.

मी अंबडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे देखभाल विभागात होतो. तिथे यंत्रांच्या शाफ्टवरही याच जातीचे सेन्सर असत, त्यामुळे त्यांच्या खोड्या मला ठाऊक आहेत. क्रँकशाफ्टवर दात असलेले एक चक्र असते. पुष्कळ गाड्यांत साठ दातांची जागा असून त्यांतले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. प्रत्येक दात सेन्सरसमोरून गेला की एक ठोका उमटतो आणि गाळलेल्या दातांच्या जागी जो खंड पडतो, त्यावरून इंजिनाच्या संगणकाला पिस्टन या क्षणी कुठे आहे ते कळते. ठिणगी केव्हा टाकायची आणि पेट्रोल केव्हा फवारायचे, हे सारे या ठोक्यांवर ठरते. ठोके थांबले की संगणकाच्या लेखी इंजिन फिरतच नाही.

आता आपल्या पंपाबद्दल. किल्ली ऑन केल्यावर पंप साधारण दोन सेकंद चालतो आणि थांबतो. त्यापुढे त्याला वीज मिळते ती क्रँकचे ठोके येऊ लागल्यावरच, कारण अपघातात इंजिन बंद पडल्यावर पंप पेट्रोल ढकलत राहू नये, अशी ती व्यवस्था आहे. म्हणजे स्टार्टर फिरताना पंपाचा आवाज आला नाही, हे त्या कारागिराचे निरीक्षण खरे होते, परंतु पंप मुका होता तो आज्ञा न मिळाल्यामुळे. किल्ली ऑन करताना सुरुवातीची ती दोन सेकंदांची गुणगुण त्यांनी ऐकली असती, तर आपला पंप वाचला असता.

गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू, हे या सेन्सरचे जुने लक्षण आहे. त्याच्या आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची कॉइल असते. वर्षानुवर्षे तापून-निवून तिला कुठेतरी तडा जातो; उष्णतेने भाग फुगले की तडा उघडतो, निवल्यावर पुन्हा टेकतो. शिवाय घाट चढून गाडी बंद केली की पाणी फिरणे थांबते, समोरचा वारा थांबतो आणि ब्लॉकमधली धग बाहेरच्या भागांत शिरते. म्हणून चालत्या गाडीपेक्षा थांबलेल्या गाडीत, पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत, सेन्सर अधिक तापतो. आपण इगतपुरीला नेमके तेवढेच थांबला होता.

तर्कटराव
माझे मत निराळे आहे आणि ते मी स्पष्ट मांडतो. कोड म्हणतो "सर्किटमध्ये दोष". तो "सेन्सर बदला" असे म्हणत नाही. सर्किट म्हणजे सेन्सर, कपलर (तारांचा जोड), तारा आणि संगणकाची पिन, सगळेच आले. एका गॅरेजने अंदाजाने पंप बदलला म्हणून आपण हळहळत आहात आणि आता तोच अंदाजाचा खेळ स्वतःच्या हाताने खेळायला निघाला आहात. शिवाय पार्किंगमध्ये अर्धा रविवार, गुडघ्यांना खडी, नखांत काळे तेल, आणि एवढे करून बोल्टचे आटे गेले तर गाडी टोचन करून त्याच गॅरेजला न्यायची. गॅरेजने बदललेला भाग चालला नाही, तर निदान भांडायला समोर माणूस असतो. घरी भांडण कोणाशी करणार?

चहाबाज
तर्कटराव, विवाहित माणसाला हा प्रश्न पडत नाही.

निफाडचा_गारठा
माझा अनुभव क्रँक सेन्सरचा नाही, त्याच्या चुलतभावाचा आहे. तरीही तो इथे उपयोगी पडेल असे वाटते.

आमच्याकडे निफाडला थंडी किती पडते, हे नाशिककरांना सांगायला नको. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात रोज पहाटे गाडी सुरू व्हायला दहा-दहा वेळा किल्ली फिरवावी लागे आणि दुपारी तीच गाडी निमूटपणे सुरू होई. सुरुवातीला मी बॅटरी बदलली आणि पाठोपाठ प्लगही बदलले. शेवटी भाच्याने स्कॅनर लावला, तेव्हा पहाटेच्या कडाक्यातही पाण्याचे तापमान ६५ अंश दिसत होते! शीतक पाण्याचा तापमान सेन्सर खोटे बोलत होता आणि संगणक त्यावर विश्वास ठेवून थंड इंजिनाला गरम इंजिनाइतकेच, म्हणजे फार थोडे, पेट्रोल देत होता.

तो सेन्सर मी अंगणात बदलला. बदलण्यापूर्वी नवा आणि जुना, दोन्ही सेन्सर पातेल्यात थर्मामीटरसह बुडवून पाणी तापवत नेले. या सेन्सरचा रोध तापमान वाढेल तसा उतरत जातो. नवा थंड पाण्यात अडीच हजार ओहमच्या जवळ होता आणि पाणी उकळेपर्यंत दोनशेच्या खाली आला. जुना मात्र सुरुवातीपासूनच पाचशेच्या घरात बसून होता. बदलायला वीस मिनिटेही लागली नाहीत. पातेले मात्र घरातून कायमचे माझ्या नावावर करण्यात आले आहे.

मीटरवाली
मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. तर्कटरावांचा निम्मा मुद्दा मला मान्य आहे: आधी मोजावे, मग बदलावे. परंतु ते मोजमाप घरीच सर्वांत नीट होते, कारण दोष उन्हाळी पाहुण्यासारखा केव्हाही येतो-जातो आणि गॅरेजमध्ये गाडी पोहोचेपर्यंत निवलेली असते.

पहिली गोष्ट, स्कॅनर. निदान-कपलरला लावायचा ब्लूटूथचा स्वस्त जोड आणि फोन पुरे. दोष प्रत्यक्ष हजर असताना, म्हणजे इंजिन सुरू होत नसताना, स्टार्टर फिरवत इंजिनाचे मिनिटाला फेरे किती दिसतात ते पाहावे. स्टार्टर चांगला फिरत असेल तर दोनशेच्या मागेपुढे आकडा दिसायला हवा. शून्यच दिसत असेल, तर ठोके संगणकापर्यंत पोहोचत नाहीत, एवढे निश्चित.

दुसरी गोष्ट, सेन्सरची जात ओळखणे, कारण इथेच बहुतेक जण चुकतात. जुना_फिटर काकांनी वर्णन केलेला सेन्सर चुंबक आणि कॉइलचा. तो स्वतःच वीज निर्माण करतो आणि त्याला बहुधा दोन तारा असतात. दुसरी जात हॉल सेन्सरची. त्याला बाहेरून वीज लागते आणि त्याला तीन तारा असतात. मात्र तीन तारा दिसल्या म्हणजे तो हॉलच, असे समजू नये. कॉइलच्या काही सेन्सरांत तिसरी तार ही फक्त विजेचा गोंगाट अडवणारी जाळी असते. खात्रीसाठी कपलर सुटा करावा, किल्ली ऑन करावी आणि गाडीकडच्या बाजूला व्होल्टेज मोजावे. एखाद्या पिनवर ठणठणीत ५ किंवा १२ व्होल्ट आले, तर हॉल सेन्सर समजावा. त्याचा रोध मोजून काहीही कळत नाही. तसे व्होल्टेज नसेल, तर कॉइल. मग किल्ली बंद करून सेन्सरच्या दोन पिनांमधला रोध मोजावा. तो गाडीगणिक बदलतो, परंतु सर्वसाधारणपणे काहीशे ओहमपासून हजाराच्या थोडे वरपर्यंत असतो. मीटर एसी व्होल्टवर ठेवून स्टार्टर फिरवल्यास चांगला सेन्सर थोडेतरी व्होल्टेज दाखवतोच.

थंड सेन्सरचा रोध योग्य आला म्हणून तो निर्दोष ठरवू नये. तो गरम करून मोजावा.

जुना_फिटर
मीटरवाली ताईंची तीन तारांची दुरुस्ती मला मान्य आहे. माझ्या लिहिण्यात ते राहून गेले होते. एक भर घालतो. मोजण्यापूर्वी कपलरपासून मागे, हात पोहोचेल तितकी तार बोटांनी चाचपून घ्यावी. पार्किंगमधल्या उंदरांना या तारांचे आवरण फार आवडते.

द्राक्षबाग
पिंपळगावहून लिहितो आहे. आमच्याकडे ट्रॅक्टरपासून पिकअपपर्यंत सगळेच आहे आणि सगळ्यांच्याच पोटात आता सेन्सर आहेत. सुटा भाग घेताना जपावे, एवढेच सांगायचे आहे. मी एकदा निम्म्या किमतीचा क्रँक सेन्सर घेतला. तो बसला तंतोतंत, गाडीही सुरू झाली, परंतु तीन हजार फेऱ्यांपुढे गाडी धक्के देऊ लागली. जुना आणि नवा शेजारी ठेवून मोजले, तर नव्याचे नाक जवळजवळ एक मिलिमीटरने आखूड होते. सेन्सर आणि दात यांच्यातले अंतरच मुळी मिलिमीटरभर असते. त्यात एवढा फरक कसा खपणार? म्हणून जुना सेन्सर काढून सोबत न्यावा, त्यावरचा क्रमांक जुळवावा आणि दुकानातच दोन्हींची लांबी ताडून पाहावी.

जाता जाता, ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणून कोणी तो लगेच बदलू नये. आमच्या पिकअपला सायलेन्सरचा जोड फुटून बाहेरची हवा आत जात होती आणि सेन्सर बिचारा खरे तेच सांगत होता.

सावकाश_चालवा
इतक्या प्रतिसादांत जॅकबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही, याचे आश्चर्य वाटते. गाडीसोबत येणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. चाक काढून आत डोके घालायचे असेल, तर गाडी लोखंडी स्टँडवर टेकवलीच पाहिजे, जमीन सपाट हवी आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड हवेत. स्टँड नसेल तर काम करू नये. यात तडजोड नाही. बॅटरीची ऋण तार आधी सोडावी. आणि सायलेन्सरचा पाइप जवळ असेल, तर तो हाताला सोसेल इतका निवू द्यावा. माझ्या डाव्या मनगटावर अजून खूण आहे.

गोदाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. स्टँडची जोडी शेजाऱ्यांकडून मिळाली. आजचा वृत्तांत देतो.

गुरुवारी संध्याकाळी गाडी सातपूरला पुन्हा रुसली, तेव्हा स्टार्टर फिरवत फोनवर पाहिले: फेरे शून्य. किल्ली ऑन करताना पंपाची गुणगुण मात्र स्पष्ट ऐकू आली. आज कपलर सुटा केला. तारा दोनच आहेत, दोन्हींवर ५ किंवा १२ व्होल्ट नाहीत, म्हणजे कॉइलची जात. तारांवर उंदराचे दात नाहीत आणि कपलर आतून स्वच्छ आहे. थंड सेन्सरचा रोध ५६० ओहम आला. बॅटरी जोडूनच एसी व्होल्टही पाहिले, तेही होते. म्हणजे थंडपणी साहेब पूर्ण शुद्धीवर.

सेन्सर तापवून मोजायचा म्हणजे बाहेर काढावा लागणार, आणि तो निघेना! बोल्ट दहाच्या गोटीने सहज सुटला, परंतु सेन्सर ब्लॉकच्या भोकात असा घट्ट बसला आहे की जागचा हलत नाही. शेवटी चाक परत लावण्यापूर्वी बायकोचा केस वाळवायचा ड्रायर मागून, सेन्सर जागेवरच तापवून मोजला: ५६० पासून हळूहळू ७०० पर्यंत चढला आणि मग एकदम मीटरवर अनंत. ड्रायर बंद केल्यावर सहा-सात मिनिटांनी पुन्हा सहाशेच्या घरात. सुरुवातीची ही चढण दोषाची खूण समजावी काय?

मीटरवाली
ती चढण निर्दोष आहे. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २८ अंशांना ५६० असेल तर ९५ अंशांना तो ७०० च्या आसपास यायलाच हवा. दोष आहे तो त्यानंतरच्या उडीत. तार तिथे तुटते आणि निवल्यावर जुळते. आपला सेन्सर गेला आहे, असे आता निःशंकपणे म्हणता येईल. ड्रायरची कल्पना मी विद्यार्थ्यांना सांगणार आहे.

जुना_फिटर
तो अडकला आहे त्याच्या रबरी ओ-रिंगमुळे. वर्षांनी ती कडक होते आणि भोकाच्या काठाला गंज किंवा क्षार धरतो. पहारीने उचकटू नका, प्लॅस्टिकचे डोके तुटते आणि नाक आत राहते. गंज सोडवणारे तेल भोवती सोडून रात्रभर ठेवा. उद्या पक्कडीने वर ओढण्याऐवजी आधी डावी-उजवीकडे थोडे थोडे फिरवा. एकदा फिरला की निघाला.

तर्कटराव
मी वाट पाहतो आहे.

गोदाकाठ
तर्कटराव, आपली वाट फळाला आली. सेन्सरचे डोके तुटले.

काकांनी सांगितल्याप्रमाणेच तेल सोडले होते आणि फिरवायलाही सुरुवात केली होती. थोडासा फिरला. मग मला घाई झाली, मी फिरवता फिरवता ओढले, आणि कट्ट असा आवाज होऊन कपलरचा भाग हातात आला. नाक भोकात तसेच. पाच मिनिटे मी चाकाजवळ नुसता बसून होतो. पहिला विचार आला तो उरलेला तुकडा ड्रिलने पोखरून काढण्याचा. सुदैवाने त्याच क्षणी मनात आले की कीस आत पडला तर तो थेट दातांच्या चक्रावर जाईल, आणि आतल्या चुंबकाचे तुकडे झाले तर ते वेगळेच. म्हणून ड्रिल बाजूला ठेवले.

लाकडाला वापरतात तसा जाड स्क्रू उरलेल्या प्लॅस्टिकच्या मधोमध हाताने, सावकाश, अर्धा इंच आत पिळला. पुन्हा तेल सोडले आणि पोरांचा अभ्यास घेऊन आलो. तासाभराने स्क्रूचे डोके पक्कडीत धरून, फक्त फिरवत, न ओढता, दहा मिनिटे काढली. एका क्षणी हाताला कळले की तो सुटला आहे. मग वर येताना त्याने काहीही त्रास दिला नाही. नाकाच्या टोकाला चुंबकामुळे लोहकिसाची दाढी होती. भोक फडक्याने पुसून घेतले. फडके बोटाला गुंडाळले होते, आत सोडले नव्हते.

नवा सेन्सर द्वारकेकडच्या दुकानातून आधीच आणला होता. द्राक्षबाग यांनी सांगितल्याप्रमाणे दोन्हींची लांबी ताडून पाहिली. जुना तेव्हा दोन तुकड्यांत होता, ही गोष्ट वेगळी. ओ-रिंगला इंजिन तेलाचे बोट लावले, सेन्सर नुसत्या अंगठ्याच्या दाबाने पूर्ण बसला आणि मगच बोल्ट लावला. बॅटरी जोडली आणि गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. कोड पुसला. एकूण वेळ, दोन दिवस मिळून साडेपाच तास. यूट्यूबवर हेच काम अकरा मिनिटांचे आहे.

चहाबाज
अकरा मिनिटे कामाची, उरलेली सव्वापाच तास चाकाजवळ बसून गोदामाईचे स्मरण करण्याची. सिंहस्थाच्या आत आटोपले, हेच पुष्कळ.

जुना_फिटर
ड्रिल बाजूला ठेवलेत, त्यासाठी शाबासकी घ्या. तो बोल्ट बहुतेक सहा मिलिमीटरचा असेल. त्याला ८ ते १० न्यूटन-मीटर, म्हणजे आखूड पान्याने मनगटाचा जोर पुरतो. अॅल्युमिनियममधले आटे खांद्याच्या जोराला टिकत नाहीत. काही गाड्यांना सेन्सर बदलल्यावर स्कॅनरने नव्याने ओळख करून द्यावी लागते. आपली गाडी सुरळीत चालत असेल आणि इंजिनाचा इशारा-दिवा लागला नसेल, तर तूर्त तिकडे जाऊ नका.

तर्कटराव
मोजून केले, म्हणून माझा मुख्य आक्षेप मागे घेतो. आट्यांचा आक्षेप कायम आहे. तो नशिबाने टळला. खर्च किती वाचला, तेही सांगावे.

गोदाकाठ
सेन्सर एकोणीसशेला मिळाला, तेलाचा डबा अडीचशेचा. म्हणजे अंदाजापेक्षा दोन हजार तीनशे पन्नास कमी. विनाकारण बदललेल्या पंपाचे पैसे त्यातून वजा केले, तर मी अजून खड्ड्यातच आहे.

काल मुद्दाम कसारा घाट उतरून पुन्हा चढून आलो. इगतपुरीला त्याच टपरीवर गाडी बंद केली, बरोबर पंधरा मिनिटे थांबलो आणि किल्ली फिरवली. सुरू झाली. मग आणखी पाच, मग आणखी दहा मिनिटांनी; तिन्ही वेळा सुरू झाली. टपरीवाल्याने ओळखले आणि आज धक्का मारायला माणसे बोलावू का, म्हणून विचारले.

आता एकच शंका. गॅरेजवाल्याकडून जुना पंप मी मागून घेतला होता. तो चांगला आहे की नाही, हे पाहण्यासाठी पार्किंगमध्येच बॅटरीच्या दोन तारा लावून चालवून पाहू काय?

जुना_फिटर
मुळीच नको. त्या पंपात अजून पेट्रोलची वाफ असेल आणि तारा टेकवताना ठिणगी उडतेच. शिवाय तो पेट्रोलमध्ये बुडून चालण्यासाठी बनवलेला असतो. कोरडा चालवला तर चांगला असलेलाही जळेल.

गोदाकाठ
तारा हातात होत्या. ठेवल्या.